औषधाला पैसे पुरत नाहीत, हे आधी डॉक्टरांना सांगा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी तासवडे एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करतो. पत्नी ३३ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला एका डोळ्याने अंधूक दिसायला लागलं, मग डावा पाय बधिर झाला. पुण्याला नेलं. एमआरआय केला, पाठीतलं पाणी तपासलं आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, असं निदान झालं. डॉक्टरांनी डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूल दिल्यात, रोज दोन. माझा पगार १९ हजार, कापून हातात १७ येतात. मुलगी दुसरीत आहे. पहिल्या वर्षी दागिने गहाण ठेवले, नंतर गावातून शेकडा तीनने पैसे उचलले. आता कळलं की पत्नी चार महिन्यांपासून दिवसाला एकच कॅप्सूल घेते, पाकीट जास्त दिवस पुरावं म्हणून. डॉक्टरांना हे सांगायची दोघांनाही लाज वाटते. सात-आठ ट्रस्टना अर्ज पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही. अजून कुठे अर्ज करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : भाऊ, अर्जांचं आपण बघूच. पण हे उत्तर वाचून झालं की आधी डॉक्टरांना फोन करा आणि चार महिने एकच कॅप्सूल चालू आहे हे सांगा. अर्ध्या डोसात अर्धा आजार आटोक्यात राहतो, असा हिशेब या औषधांत नसतो. शिवाय त्यात आणखी एक धोका आहे, तो घरच्यांच्या लक्षात येत नाही. उद्या वहिनींना पुन्हा झटका आला, म्हणजे लक्षणं पुन्हा उसळली, तर डॉक्टर काय समजतील? पूर्ण डोस चालू असूनही आजार वाढला, म्हणजे हे औषध लागू पडत नाही. मग ते याहून जोरदार, आणि बहुतेक वेळा याहून महाग औषध लिहून देतील. पैसे वाचवायला केलेली काटकसर अशी दुप्पट होऊन अंगावर येते.

मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात मी समाजसेवा विभागात नोकरी केली. न्यूरोलॉजीच्या ओपीडीतून चिठ्ठी घेऊन खाली आमच्याकडे येणारी माणसं औषध कमी करून घेत असल्याचं आम्हाला सांगायची. वर डॉक्टरांसमोर मात्र तोंड उघडायची नाहीत. लाज वाटण्यासारखं यात काहीही नाही. डॉक्टरांना केसपेपर दिसतो, घरातलं कर्ज दिसत नाही. त्यांच्यासमोर बसून सरळ म्हणा : ‘आम्ही औषधावर महिन्याला अमुक एवढेच रुपये खर्च करू शकतो. त्यात बसेल असं, आणि हिला चालेल असं, काय देता येईल?’ आकडा सांगायचाच. ‘जरा स्वस्त काही आहे का’ असं मोघम विचारलंत, तर उत्तरही मोघमच मिळतं.

हा प्रश्न एवढ्यासाठी विचारायचा, की एमएसमध्ये खर्चाचा सगळ्यात मोठा फरक कुठल्याही ट्रस्टच्या चेकने पडत नाही, तो औषधाच्या निवडीने पडतो. आज या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं आहेत, ग्लॅटिरामर आहे, टेरिफ्लुनोमाइड, डायमिथाइल फ्युमरेट आणि फिंगोलिमोड ही तोंडाने घ्यायची औषधं आहेत, आणि सलाईनमधून द्यायची नॅटॅलिझुमॅब, ऑक्रेलिझुमॅब, रिटुक्सिमॅब अशी औषधं आहेत. यांतली काही अजून विदेशी कंपन्यांकडूनच येतात आणि आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची आहेत. काही मात्र भारतीय कंपन्या बनवतात. रिटुक्सिमॅबचंच बघा. मुळात ते रक्ताच्या कॅन्सरचं औषध. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती आणली, मग इतरांनीही आणली. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते असल्याने त्याची कमाल किंमत सरकार ठरवून देतं. एमएससाठी ते साधारण सहा महिन्यांतून एकदा देतात. स्वीडनसारख्या श्रीमंत देशातही एमएसच्या रुग्णांना ते मोठ्या प्रमाणावर दिलं जातं. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदाच एमएसची औषधं घेतली : क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब. म्हणजे हे गरिबाला द्यायचं कमअस्सल औषध नाही. पण म्हणून ते वहिनींना चालेलच असंही नाही. आधी काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची तपासणी लागते, संसर्गाचा धोका बघावा लागतो, लसी आधी घ्याव्या लागतात. शेजारच्या गावातल्या कुणाला लागू पडलं म्हणून मागून घ्यायचं हे औषध नव्हे, निर्णय न्यूरोलॉजिस्टचाच. दुसरं मूल हवं असेल तर तेही याच भेटीत सांगा, कारण टेरिफ्लुनोमाइड गरोदरपणात अजिबात चालत नाही.

औषध बदलायचं ठरलं तर ते डॉक्टर सांगतील त्या क्रमानेच बदला. फिंगोलिमोड किंवा नॅटॅलिझुमॅब एकाएकी बंद केलं तर आजार आधीपेक्षा जोराने उसळू शकतो. ज्यांच्या घरी यांतलं एखादं औषध चालू आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

डॉक्टरांनी आहे तेच औषध ठेवलं, तर चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि दोन-तीन कंपन्यांचे भाव काढा. पाकिटावर छापलेली किंमत आणि होलसेल दुकानदार देतो ती किंमत, यांत अशा औषधांच्या बाबतीत मोठं अंतर असतं. पुण्यात सदाशिव पेठेत आणि मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला औषधांचे होलसेल विक्रेते आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून तीन महिन्यांचं औषध एकदम घ्यायचं म्हटलं की ते भाव कमी करतात. पक्कं बिल आणि बॅच नंबर मात्र घ्यायचाच. पायाचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन, नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन, ड जीवनसत्त्व अशी रोजची औषधं जनऔषधी केंद्रात विचारा. ही किरकोळ वाटतात, पण महिन्याच्या बिलात त्यांचाही वाटा असतो.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला तपशील. ‘पगार १९ हजार, कापून हातात १७.’ या कापण्यात काय काय कापतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. पगाराची चिठ्ठी काढा आणि तीत ईएसआय किंवा ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, असा रकाना आहे का ते बघा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या, ईएसआय लागू असलेल्या कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १९ हजारांवर तुमचे साधारण १४०-१४५ रुपये होतात. रक्कम छोटी दिसते म्हणून माणसं तिच्याकडे बघतच नाहीत. पण त्या पैशांत तुमच्याबरोबर पत्नीचा आणि मुलीचाही उपचार येतो, ओपीडीतलं औषधही येतं, आणि कुटुंबाच्या उपचारावर खर्चाची कमाल मर्यादा ईएसआयसीने घातलेली नाही. आजार विमा घेण्याआधीचा की नंतरचा, हा प्रश्नही तिथे कुणी विचारत नाही. एमएससारख्या जन्मभराच्या, रोज गोळी लागणाऱ्या आजाराला हे फार मोठं आहे. शेकडा तीनने कर्ज काढणाऱ्या माणसाच्या खिशात हे कार्ड पडून असतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दर वेळी मला तितकंच वाईट वाटलंय.

वाट अशी : कारखान्याच्या ऑफिसातून तुमचा विमा क्रमांक घ्या, पत्नी आणि मुलीचं नाव त्यावर चढलंय का पाहा, नसेल तर आधार देऊन चढवा. मग ईएसआयच्या दवाखान्यात किंवा त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे जा. तिथे न्यूरोलॉजिस्ट नसणारच. ते तुम्हाला रेफर करतील, आधी त्यांच्या मोठ्या रुग्णालयात आणि गरज पडली तर करार असलेल्या खासगी रुग्णालयात. पहिल्याच फेरीत औषध हातात पडेल अशी आशा ठेवू नका. ‘हे औषध स्टॉकला नाही’ असं ऐकावं लागेल. तेव्हा तज्ज्ञ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्थानिक खरेदीची, म्हणजे बाहेरून औषध आणून देण्याची, मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार ऐकून परत फिरू नका. नकार असेल तर तोही कागदावर मागा. चिठ्ठीत कपात दिसतच नसेल, तर पगार मर्यादेत असूनही आपल्याला ईएसआय का नाही, हे मालकाला विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलंच असेल. आता कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड असलेल्या राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत तिचं संरक्षण आहे. मात्र ती भरती होऊन घ्यायच्या, ठरलेल्या उपचारांची योजना आहे. वहिनींना झटका आला आणि तीन ते पाच दिवस मिथाइलप्रेडनिसोलोनची सलाईन द्यायला भरती करावं लागलं, तर योजनेतलं रुग्णालय गाठा आणि भरतीचा कागद व्हायच्या आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर जाऊन हा उपचार कुठल्या पॅकेजमध्ये बसतो ते विचारा. योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८. घरी रोज घ्यायच्या कॅप्सूलचे पैसे या योजनेतून मिळत नाहीत. खरं तर या आजारात भरती व्हायची वेळ त्या कॅप्सूलमुळेच टळते. भरतीला पैसे द्यायचे आणि भरती टाळणाऱ्या औषधाला नाहीत, हे मला कधीच पटलेलं नाही. एमएसच्या औषधांसाठी राज्याने ओपीडीत सोय करायला हवी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तिसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्याचं कलम ४१ कक, आणि त्याखालची योजना २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू झाली. यासाठी रुग्णालयं आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत लागतं, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजारांच्या. तुमचे वर्षाचे २ लाख २८ हजार होतात, म्हणजे तुम्ही दुसऱ्या गटात बसता. औषध सलाईनचं ठरलं, तर त्या दिवसाच्या भरतीसाठी हे वापरा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचं खर्चाचं पत्र घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा, आणि भरतीच्या आधीच भेटा. बिल झाल्यावर सवलत मागायला गेलेल्याला बहुतेक वेळा हात हलवत परत यावं लागतं. दाद मिळाली नाही तर तक्रार धर्मादाय सहआयुक्तांकडे करता येते. मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीत मेंदूचे आजार आहेत, पण तिथे उत्पन्नाची अट १ लाख ६० हजारांची आहे. तुमचा दाखला त्यात बसणार नाही, तिथे दिवस घालवू नका. ज्यांचा बसतो त्यांनी लक्षात ठेवावं की तो पैसा थेट रुग्णालयाच्या खात्यात जातो, भरून झालेल्या बिलाचा परतावा मिळत नाही.

मग ट्रस्ट. तुमच्या अर्जांना उत्तर का आलं नाही, याचा मला अंदाज आहे. तुम्ही बहुधा लिहिलं असेल, ‘पत्नीला असाध्य आजार आहे, आयुष्यभर औषध लागणार आहे, मदत करावी.’ प्रत्येक शब्द खरा. पण ट्रस्टचं काम एकरकमी चालतं : एक रुग्ण, एक ऑपरेशन, एक एस्टिमेट, रुग्णालयाच्या नावाने एक चेक. जन्मभराचा खर्च वाचला की अर्ज बाजूला पडतो. म्हणून एका अर्जात एकच गोष्ट मागा. एका सलाईनचा खर्च, किंवा या वर्षीचा एमआरआय. सोबत रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, त्याच एका गोष्टीचं एस्टिमेट. दोन परिच्छेदांपेक्षा मोठा अर्ज नको. आजाराचं नाव त्यांनी ऐकलेलं नसतं, तेव्हा डॉक्टरांकडून एक ओळ मागून घ्या की हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे आणि उपचार थांबल्यास कायमचं अपंगत्व येऊ शकतं. मुंबईत सिद्धिविनायक मंदिर न्यास वैद्यकीय मदत देतो, तिथेही याच पद्धतीने अर्ज करा.

मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मात्र वेगळी. १९८५ पासून ती फक्त याच आजाराचं काम करते. मुंबईत आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत. तिथे आजार काय हे समजावून सांगावं लागत नाही. गरजूंना औषधासाठी मदत, फिजिओथेरपी, आणि कुठलं औषध कुठे कमी भावात मिळतं याची ताजी माहिती तिथे मिळते. पुण्याच्या शाखेत वहिनींचं नाव नोंदवा, आणि शक्य असेल तर त्यांना सोबत घेऊन जा. हाच आजार घेऊन नोकरी करणाऱ्या, मुलं वाढवणाऱ्या बायका त्यांना भेटतील.

सावकाराचं व्याज चालू आहे तोवर या कशाचाच आधार वाटणार नाही. दागिने बँकेत गहाण ठेवले असतील तर ठीक. खासगीत असतील, तर सोडवून बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवता येतात का ते बघा. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. सोन्यावरचं बँकेचं कर्ज याच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळतं.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. एमएससाठी रिटुक्सिमॅब चालू आहे. सकाळी भरती होऊन संध्याकाळी घरी येते. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये पहिला क्लेम मंजूर झाला, दुसरा मात्र ‘२४ तास भरती नाही, ओपीडी उपचार’ म्हणून नाकारला. एचआर म्हणतं, इन्शुरन्सवाल्यांशी तुम्हीच बोला. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची एक यादी काढली आणि ते उपचार सरसकट वगळायला कंपन्यांना मनाई केली. त्या यादीत ‘इंजेक्शनद्वारे दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी’ हा उपचार आहे, आणि रिटुक्सिमॅब हीच मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे. कंपनी त्याच्यावर रकमेची मर्यादा घालू शकते, ती किती हे पॉलिसीच्या कागदात बघ.

डॉक्टरांकडून पत्र घे. त्यात तीन गोष्टी हव्यात : हे औषध रुग्णालयात देखरेखीखाली, कित्येक तास सलाईनमधून द्यावं लागतं आणि घरी किंवा ओपीडीत देता येत नाही; हा डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी सुटी मिळणारा, उपचार आहे; आणि हे औषध या आजारासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. तिसरी गोष्ट आत्ताच लिहून घे. कारण ओपीडीचा मुद्दा खोडला की पुढची हरकत ‘हे औषध या आजारासाठी मंजूर नाही’ अशी येते. डिस्चार्ज कार्डावर भरतीची आणि सुटीची वेळ लिहिलेली असू दे. पहिला क्लेम मंजूर झाल्याचं पत्रही जोड, तो तुझा भक्कम पुरावा आहे. हे सगळं विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठव. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटणारं आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. कंपनीचा शेवटचा नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं, एवढं सांभाळ. एचआरलाही सोडू नकोस. पॉलिसी त्यांनी विकत घेतलीय, त्यांच्या एका फोनला विमा कंपनीत वजन असतं.

आणखी एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, पण सांगते. निदानाच्या आधी तू, किंवा तुझ्या नावाने आई-बाबांनी, जीवनविमा घेतला असेल तर त्याला क्रिटिकल इलनेसचा रायडर, म्हणजे गंभीर आजारासाठीचं जोडसंरक्षण, आहे का ते काढून बघ. गंभीर आजारांच्या प्रमाणित व्याख्यांमध्ये ‘सततच्या लक्षणांसह मल्टिपल स्क्लेरॉसिस’ नावाने आहे. एमआरआयसारख्या तपासण्यांत आजार निर्विवाद दिसायला हवा आणि हालचालीतली किंवा संवेदनेतली कमतरता सलग किमान सहा महिने टिकलेली हवी. तसं असेल तर ठरलेली पूर्ण रक्कम एकदम मिळते, बिलं दाखवावी लागत नाहीत. कपाटात अशी पॉलिसी असून घरच्यांना तिचा पत्ता नाही, असं होतं.

नोकरी बदलताना जपून. ग्रुप पॉलिसीत जुना आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. स्वतंत्र पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, किंवा कंपनी पॉलिसीच नाकारते. म्हणून राजीनामा देण्याआधी नव्या कंपनीच्या पॉलिसीची प्रत मागून वाच. ती समाधानकारक नसेल, तर सध्याच्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे नोकरीत असतानाच लेखी विचार.

प्रश्न : औसा तालुक्यात माझी चार एकर कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन घेतो. मुलगी २१ वर्षांची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. सहा महिन्यांपूर्वी एमएस निघाला. एका सेंटरवाल्यांनी सांगितलं, स्टेम सेल दिल्या की कायमची बरी होईल, ५ लाख लागतील. एक एकर विकावी म्हणतो. तुमचं मत काय?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : दादा, जमीन विकू नका.

पोरीसाठी बापाचा जीव तुटतो हे ज्यांना कळतं तेच असले सौदे मांडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : रक्ताच्या काही ठरावीक आजारांत होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मान्यता घेतलेल्या वैद्यकीय चाचणीतच, म्हणजे क्लिनिकल ट्रायलमध्येच, करता येतो. आणि चाचणीत सहभागी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे ५ लाख मागितले, याच एका गोष्टीवरून तुम्ही ओळखायचं. काही मोठ्या रुग्णालयांत फार आक्रमक एमएससाठी बोनमॅरो प्रत्यारोपण करतात, ते वेगळं. तो निर्णय न्यूरोलॉजिस्ट आणि रक्तविकारतज्ज्ञ मिळून घेतात, त्यात जोखीम असते, आणि ‘कायमची बरी’ असं वचन तेही देत नाहीत.

एमएस आजच्या घडीला मुळापासून जात नाही, पण लवकर चांगलं औषध सुरू झालं तर पुष्कळ जणांचं आयुष्य चालतं-बोलतं राहतं. पहिली काही वर्षं फार मोलाची असतात, आणि तुमची लेक त्याच वर्षांत आहे. पैसे आणि वेळ आत्ता औषधावर लावा. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून चिठ्ठी घेऊन तिला पुण्याच्या ससूनला किंवा मुंबईच्या केईएम, सायन, नायर, जे.जे. यांपैकी एका ठिकाणी न्यूरोलॉजी ओपीडीत एकदा दाखवा. दर महिन्याला जायचं नसतं. योजना एकदा ठरली की तपासण्या आणि औषध जवळ करता येतं. डॉक्टरांनी महाग औषध लिहिलं, तर त्याच आवारातला समाजसेवा विभाग विचारा. मुंबईच्या महापालिका रुग्णालयांत ‘पुअर बॉक्स’ नावाचा निधी असतो, त्यातून गरीब रुग्णाला औषध घेऊन देता येतं. डॉक्टरांची शिफारस, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. तुमचा दाखला १ लाख ६० हजारांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री सहायता निधीचाही अर्ज करा. त्याचा कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयात आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राचं बघून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिस नावाने आहे. पण नाव यादीत असलं म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं नाही. डॉक्टर पाय, हात, नजर यांची कमतरता मोजतात आणि टक्के देतात, फायदे ४० टक्क्यांपासून पुढे सुरू होतात. तुमची लेक आज नीट चालत असेल तर तेवढे टक्के मिळणार नाहीत, आणि ती चांगलीच बातमी आहे. तिचा थकवा बाहेरून कुणाला दिसत नाही आणि तो मोजलाही जात नाही, याची मला खंत आहे. पुढे कधी कमतरता राहिली तर यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात जा. जाताना एमआरआय, न्यूरोलॉजिस्टचे कागद आणि आधीच्या झटक्यांची डिस्चार्ज कार्डं न्या. एमएसच्या रुग्णाला तपासणीच्या दिवशी बरं वाटत असू शकतं, मग कागदच बोलतात. प्रमाणपत्र मुदतीचं असलं तरी घ्या. ४० टक्के झाले की एसटीत ७५ टक्के सवलत, व्यवसाय करातून सूट, उच्च शिक्षणात आरक्षण मिळतं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. त्या निधीबद्दल ग्रामसभेत विचारायला कुणी उठत नाही, म्हणून तो पडून राहतो, तुम्ही विचारा. ‘निरामय’ विम्याचा फॉर्म भरून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. ती योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, एमएससाठी नाही.

आणि परीक्षा चुकवू देऊ नका. लिहिताना हात थकत असेल तर जास्तीचा वेळ किंवा लेखनिक मिळावा म्हणून कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे आत्ताच, न्यूरोलॉजिस्टच्या पत्रासह अर्ज करा. हॉल तिकीट हातात आल्यावर तो मंजूर करून घेणं अवघड जातं.